तांडापेठेतली विहीर

हेडाऊंच्या मागच्या अंगणात विहीर, बत्तीस फूट.
वर लोखंडी जाळी, जाळीवर वाळत घातलेलं पायपुसणं.
ते उचलून मी दोर सोडते.
दोराच्या टोकाला कापडी पिशवी,
ती मनीरामकाकांनीच शिवली,
इंचात धागे किती हवेत ते मला विचारून
आणि माझा आकडा दुरुस्त करून.
माग विकून झाले, बोटं अजून मोजतात.

पहिल्या खेपेला शेवाळ आणि शर्टाचं बटण.
मग बरंच काही नाही.
अकराव्या खेपेला पांढऱ्या बशीत
मी चष्मा पुसत होते तोवर काका म्हणाले,
"थो पाहा, सुताचा तूस. पन हालून रायला न!"

कॉलेजात काचेखाली पाय मोजले.
डोळे नाहीत. रंग नाही.
आतड्यात मातीचा एक कण, आरपार दिसणारा.
झिंग्याचा दूरचा भाऊबंद,
ज्यानं समुद्र पाहिला नाही
आणि नागपुरात राहून मे महिना पाहिला नाही.

खडकाच्या भेगेत झिरपतं तेवढंच त्याचं गाव.
चाळीस पावलांवर नंदनवारांची विहीर : तिथे नाही.
पाचपावलीत नाही. कामठीत नाही.
चार वर्षं मी 'नाही' गोळा करते आहे
बाटल्यांत, तारखा घालून.

गिरजाकाकू बशीत वाकून बघतात.
"डोयेच नाहीत याले,
त मंग आपलं गाव कोन्तं, हे याले कसं समजते?"
पाण्याच्या चवीवरून असेल, मी म्हणते,
खरं तर मला माहीत नाही.
"मले त नाग नदीचा वास आला का समजते."

जूनमध्ये महापालिकेचा माणूस आला,
खांद्यावर ब्लिचिंग पावडरची गोणी, हातात वही.
काका दारातच आडवे.
"आटली बाप्पा विहीर. दोन साल झाले."
त्यानं अंगणातल्या ओल्या दोराकडे पाहिलं,
माझ्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं,
गोणी दुसऱ्या खांद्यावर घेतली.
खाली कुठेतरी थेंब पडला,
तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

वहीत त्यानं लिहिलं : कोरडी.
चहा घेतला, साखर जास्त म्हणाला, गेला.

त्याच तारखेला माझ्या वहीत :
जिवंत तीन. एकीच्या पोटाशी अंडी, दोन.
बाकी शेरे नाहीत.

काकूंनी पायपुसणं परत जाळीवर टाकलं,
उलट्या बाजूनं,
ती अजून वाळायची होती.