कळ्ळी

तेलसंगला माझी बदली झाली तेव्हा
कल्लव्वाच्या माळवदावर तो कोपराएवढा होता,
डालड्याच्या डब्यात, निम्मी माती, निम्मी वीटचुरी.
पाणी किती घालता, विचारलं.
"विसरले की घालते," म्हणाली.

ओळंब्यासारखा उभा, सहा कण्यांचा, निळसर,
कण्याकण्यावर लोकरीचे ठिपके,
ठिपक्याठिपक्यातून पाच काटे, चहूकडे बघणारे.
पहिलं वर्ष काहीच घडलं नाही.
दुसऱ्या वर्षी मला चष्मा लागला.
तिसऱ्या वर्षी तिच्या धाकटीला जतला दिली
आणि निवडुंग वीतभर वाढला,
कुठल्या रात्री ते कुणी पाहिलं नाही.

यंदा चैत्रात, दुपारचा डबा
हात लावू देत नव्हता तेव्हा,
एका काट्याच्या बगलेत गाठ आली.
मी म्हटलं, कीड.
ती म्हणाली, थांबा की.
गाठ लांबली, मान वाकडी करून वर वळली.

मग एका रात्री सव्वादहाला जिन्यातून हाक:
"पोस्टबाई, बर्री! कळ्ळी!"
कळी तर चार दिवस आहेच, मी म्हटलं.
"कळी न्हवं. कळ्ळी."
जीभ टाळूला दाबून पुन्हा म्हणाली, नि हसतच सुटली.
त्यांच्यात निवडुंगाला कळ्ळी म्हणतात.
चोरट्या बाईलासुद्धा.

बॅटरी विझवून तिनं सांगितलं:
गोकाकला एका साहेबाच्या बंगल्यात ती भांडी घासायची.
निघताना तीन आठवड्यांचा पगार बुडवला त्यानं.
तिनं कोयत्यानं कुंपणातलं एक कांडं तोडलं
आणि ओच्यात घेऊन, काट्यांसकट,
अथणीपर्यंत बसमध्ये उभ्यानं आली.
मांडीवर व्रण आहेत अजून, म्हणाली.
दाखवले नाहीत.

अंधारात फूल उघडत होतं.
बघत राहिलं तर हलत नव्हतं,
नजर वळवून परत आणली की थोडं जास्त.
बशीएवढं झालं. पांढरं.
वास आधी काकडीचा, मग कशाचाच नाही असा गोड.
एक जाडजूड पतंग आला, थेट आत शिरला.
अख्ख्या गावात एकच फूल,
तेही परसात नाही, माळवदावर, डब्यात.
चौदा वर्षं मी लोकांचे पत्ते वाचते.
असा पत्ता माझ्या हातून परत गेला असता.

सकाळी सातला ते पिळलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं.
कल्लव्वा खाली भाकरी थापत होती.
जिना उतरताना मी हाक मारली, "कळ्ळी!"
ती वळली नाही.
पीठ झटकत म्हणाली,
"ळ अजून पातळ पडतोय तुमचा."