कललेली आणि वढलेली

माढेळीच्या फाट्यावर, टिनाच्या शेडखाली
गोमाजी कमानवाला आधी गाडीला हातच लावत नाही.
रिकामी ट्रॉली पुढे घ्यायला लावतो, मागे घ्यायला लावतो,
मग वीस पावलं लांब जाऊन उकिडवा बसतो
आणि पाहत राहतो,
सोयरिकीला आल्यासारखा.

"डावीकडे जाते," मी म्हणालो.
"कलते का वढते?"
मला फरक माहीत नव्हता.
"कललेली उभ्यानं दिसते. वढलेली चालताना.
आंधी पाह्य, मंग सांग."

चार चाकं, दोन आस, एकामागे एक.
सरकीची पोती वाहून वाहून
पुढच्या डाव्या टायरनं आतली कड खाल्लेली,
या हंगामातला तिसरा टायर.
आणि मेन पाट्याखालचा पाटा
दिवाळीत तुटला, संक्रांतीत तुटला, काल परत.
वणीचा दुकानदार दर वेळी म्हणाला,
माल एक नंबर आहे.

गोमाजीनं सुतळी काढली.
उजवीकडे आसापासून आसापर्यंत ताणली, गाठ मारली.
तीच सुतळी डावीकडे धरली
तर गाठ दोन बोटं पुढे गेली.
"आस सरकला. सेंटर बोल्ट कामातून गेला."
यू-बोल्टच्या कडेला लोखंड चकचकीत घासलेलं,
नव्या वहाणेनं टाच सोलावी तसं.

सापडलं, म्हणून मी खिशात हात घातला.
"थांब ना बे."

पुढच्या चाकाखाली सागाचा ठोकळा.
चाक चढलं.
दोन कमानींच्या मधे वीतभर लोखंड असतं, बॅलन्सर.
पुढचं टोक वर गेलं की मागचं खाली जायला हवं,
म्हणजे खड्डा दोघांत वाटला जातो.
ते जागचं हललं नाही.

तो खाली सरपटत गेला, नुसते पाय बाहेर.
ग्रीसच्या निपलवर कुंभारणीनं मातीचं घर केलेलं,
आत सुकलेल्या अळ्यासुद्धा.
पिन गंजून बुशीशी एक झालेली.
"पाटा तुटला ते दिसलं तुले," ट्रॉलीखालून आवाज आला,
"त्यानं एकट्यानं किती उचललं, ते कोन मोजलं?
ग्रीस कधी मारलं होतं?"
"पोळ्याला."
"कोनत्या पोळ्याले?"

पिन गॅसनं लाल करून, घणानं, तिसऱ्या प्रहरी निघाली.
तोवर मी त्याच्या सुनेच्या हातचे दोन चहा प्यालो
आणि एकही वाक्य बोललो नाही.

परतताना शाळेपुढचा गतिरोधक आला.
नेहमी तिथं एकच धाड व्हायची, दाढेत बसायची.
आज दोन आवाज झाले, मऊ, मागोमाग:
एक गेला, दुसरा त्याच्या पावलावर.

पुढे जागा पाहून गाडी वळवली
आणि त्याच गतिरोधकावरून परत गेलो.
शाळेचा शिपाई फाटकाला कुलूप लावता लावता थांबला.
त्याला वाटलं, काही विसरलं असेल.