तेलाची जागा

सेलूच्या स्टेशन रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या
वजनकाट्याच्या खोलीत आता दाताचा दवाखाना व्हायलाय.
जमीन फोडू नका, मीच म्हणलो डॉक्टरला.
असा कोबा आता कुणी घोटत नाही.
गुरमाळ्याचा हात बघा, दारापासून भिंतीपर्यंत
कुठं अडखळला नाही.
माझ्या बापाचा नाही तो. कुणाचा, ठाऊक नाही.
पण वाकून घोटणाऱ्याचा गुडघा दर दीड हातावर मागं सरकतो
आणि तिथं एक लाट राहते, बारीक.
उन्हं तिरपी आली की दिसते.

डॉक्टर तोष्णीवाल मोबाईलवर फोटो दाखवायले,
बंगळुरातलं कुठलं तरी हॉटेल,
चहा सांडून तिथंच वाळावा तशी जमीन.
असंच पाहिजे, म्हणले. एकसारखं.

एकसारखं होत नसतं, सायेब.
रंग डब्यात नसतो, सिमिटात असतो.
आम्ही वरून ॲसिड मारून नुसतं विचारतो.
ती काय सांगल ते सांगल.

तीन दिवस धुतलं.
मी मशीननं, कौसाबाई काथ्यानं, कोपरे सगळे तिचे.
चौथ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीला लावला,
कापसावर मारतात तोच, प्लास्टिकचा,
लोखंडी असता तर तोटी गळून पडली असती.
जमीन फसफसली,
आणि मग गप झाली.
ह्याच्यानंतर पाच तास काही करायचं नसतं.
हे शिकायलाच मला चार वर्षं लागली.

दिवेलागणीला रंग वर आला.
आधी गुळाच्या ढेपेचा. मग जुन्या तांब्याचा.
खिडकीखाली, जिथं वळचणीचं पाणी आत यायचं,
तिथं हिरवट झाक.
आणि कोपऱ्यात, देवळीच्या बरोबर खाली,
काहीच नाही.
परातीएवढी जागा, जशीच्या तशी, राखाडी.

कौसाबाई वाकली. बोट लावून बघितलं.
"मुनीम इथं दिवा लावायचा,
पहिली गाडी काट्यावर यायच्या आधी.
तेल वघळायचं खाली."
मग जरा थांबून,
"सव्वीस वर्षं पुसलं रे मी हे. रोज.
निघालं असंल वाटलं."

सोडा टाकला. थिनर टाकलं. घासण्याचा दगड फिरवला.
दुसऱ्यांदा ॲसिड मारलं, तिथं बुडबुडासुद्धा आला नाही.
तेल प्यालेलं सिमिट कुणाचं ऐकत नाही.
वरून ब्रशनं रंगवता आलं असतं, डॉक्टरला कळलं नसतं,
पण सहा महिन्यांत पोपडा धरला असता
आणि मग कळलं असतं.

डॉक्टर आले, बॅटरी मारून बघितलं.
हे काय?
तेल.
काढा.
निघत नाही.
त्यांनी कौसाबाईकडं बघितलं, ती देवळीकडं बघायली.
मग म्हणले, खुर्ची इकडं सरकवता येईल तशी.
पण नळाचं पाईप तिकडं होतं. खुर्ची सरकली नाही.

आता ऐका.
फिनेल नको. लिंबाचं काही नको.
संडासचं ॲसिड तर ह्या खोलीत आणूच नका,
ज्यानं रंग आणला तोच घेऊन जाईल.
दारात पायपुसणं जाड टाका, आपल्या मातीत कच असते,
चपलीखाली आली की कानसंगत ओरखडते.
स्टुलाच्या पायांना रबर घाला.
दिवाळीच्या आधी एकदा मेण, मऊ फडक्यानं, गोल गोल,
आणि रात्रभर कुणी फिरायचं नाही.
भेग दिसली तर घाईनं भरू नका, मला फोन करा,
कधी कधी ती तेवढीच असते.

बिल चारशे बारा फुटांचं.
खोली चारशे चौदाची आहे, टेप लावून बघा.
दोन फूट मी धरले नाहीत.

कौसाबाईनं जाताना पोछा मारला, चपला काढून,
सगळ्या खोलीला एकदा,
तिथं दोनदा.