तीन कट्ट्यांचा एक भाग

मालिका स्पेनची. गाव डोंगरातलं कुठलंतरी.
तिथं रेमेदिओस नावाची बाई बटणं विकते
आणि पहिल्या भागात, पन्नास मिनिटांत,
एक बटण विकलं जातं.

विडी घरकुलात, मे महिन्यात, पंख्याखाली
आम्ही पाचजण बघत होतो.
खालच्या इंग्रजी ओळी वाचून सांगायचं काम माझं,
कारण घरात बी.कॉम. मी एकटी.

अंबादास भावजी दहाव्या मिनिटाला म्हणाले,
"विनोदी म्हणून लिवलंय. हसायचं कुठं तेवढं सांग."
तेव्हा रेमेदिओस काउंटर पुसत होती.
पुसून झालं. तिनं लांबून बघितलं.
मग पुसलेलं काउंटर परत पुसलं.
अम्मा फस्सकन हसली,
मांडीवरच्या सुपातला तंबाखू उडाला.
भावजींनी तिच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं,
मग चप्पल घालून कन्ना चौकात निघून गेले.

मल्लम्माचं म्हणणं वेगळं.
समोरच्या बाकावर येऊन बसतो तो एउसेबिओ
हिचा नवरा की भाऊ, हे पाच भाग झाले तरी कळत नाही.
"आमच्यात लग्नाला गेलं तर
पाणी द्यायच्या आधी नातं विचारतात.
काय माणसं म्हणायची ही!"
म्हणत म्हणत सहाव्या भागाला
ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली, शेंगा घेऊन.

राजेशम काका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
त्यांनी आपल्या मोबाइलवर दीडपट वेगानं
दोन रात्रीत सगळी उरकली.
म्हणाले, "चांगली हाय. पण लवकर संपती."

आणि मी?
मला ती गप्प बसलेली माणसं सहन होईनात.
एउसेबिओ बसची वाट बघतोय. रस्ता. कुत्रं. रस्ता.
अम्मा विचारायची, "एमन्नाडु?" काय म्हणाला?
काही नाही, म्हणायची मला लाज वाटायची,
जणू पाहुण्यांपुढं रिकामी ताटली ठेवलीय.
म्हणून मी पदरचं घालायला लागले:
म्हणतोय, ऊन फार आहे.
म्हणतोय, आईची आठवण येते.
म्हणतोय, चुकलंच माझं.

चौथ्या भागात अम्मानं कात्री खाली ठेवली.
"त्यानं तोंड उघडलं नाही अजून.
तू कशाला भरालीस मधे मधे?"

तिचं मत ती एकदाच बोलली, मीच खोदून विचारलं तेव्हा:
"आपल्याकडच्या मालिकेत ढँण् वाजलं
की इकडं पान फाटतं. छाट वाढते.
ही बाई मला काम करू देती.
एका भागात तीन कट्टे होतात बघ."

तेव्हापासून मी ओळी वाचणं सोडलं.
पंख्याची कटकट, दोऱ्याचा सर्रकन आवाज,
आणि तिकडं दूर कुणीतरी बटणांचा डबा पालथा करून
परत एकेक मोजून भरतंय.
मला वाटलं होतं, आता सगळे उठतील.
कुणी उठलं नाही.

आठवा भाग.
रेमेदिओस दुकानातली खुर्ची घेऊन रस्ता ओलांडते,
बाकाशेजारी मांडते, बसत नाही.
वळणावर धूळ दिसते. बस असेल. ट्रक असेल.
आणि गल्लीतून आरोळी: "पाणी आलं!"

पाचव्या दिवसाचं पाणी.
मल्लम्मा उठली, शेंगा सांडल्या,
मी घागर, बादली, पिंप, परत बादली,
शेजारची मोटर आमचं पाणी ओढते म्हणून भांडण,
अर्ध्या तासानं कोपरापर्यंत भिजून आत आले
तर पडदा काळा, त्यावर नावं चढत होती.

अम्मा तशीच बसलेली, पाय पसरून.
"अम्मा, बस होती का ती?
बसली का ती खुर्चीवर? काय म्हणाला तो?"

तिनं मान वर केली नाही.
बोटांत तेवीस विड्या होत्या, की चोवीस.

"थांब," म्हणाली,
"एवढा कट्टा होऊ दे."