पायगुण

मोईननं मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
व्हॅनच्या उघड्या हबवर तळव्यानं दाबून धरला.
ग्रीसचे चार ठिपके उमटले,
मधोमध पुरीएवढा काळा डाग.
तो पुठ्ठा घेऊन आम्ही कुर्ल्याच्या गल्लीत
दुकानामागून दुकान हिंडलो,
उपवर मुलीची पत्रिका घेऊन हिंडावं तसे.
कुणी म्हणालं, जमणार नाही.
कुणी म्हणालं, जमवून देतो, पैसे जास्त पडतील.

बारा इंची चाकं आता कुठे मिळतात, ताई,
आणि मिळाली तरी तुमच्यासारखीच,
कडा मुडपलेली, दर सोमवारी हवा मागणारी.
तेराची घ्या. एका निळ्या गाडीची आहेत.
गाडी गेली, चाकं राहिली.

गाडी कशी गेली ते मी विचारलं नाही.
रोजचे तीस ट्रे, देवनारहून घाटल्यापर्यंत,
वाटेत सतरा स्पीडब्रेकर, खड्डे मोजणं सोडून दिलंय.
मला एवढंच विचारायचं होतं :
अंडी फुटतील किती?

चार भोकं जुळली. मधलं जुळेना.
मोईन कानशीनं घासत बसला दुपारभर,
लोखंडाचा कीस त्याच्या पँटवर, माझ्या चहात.
व्हॅन विटांवर, पाय काढून ठेवलेली.
स्टिअरिंगला ह्यांनी गुंडाळलेली सुतळी तशीच.
मी दुसरीकडे बघत राहिले.

चाकाच्या आतल्या अंगाला निळ्या रंगाचा शिंतोडा होता,
नखानं खरवडला, निघाला नाही.

माप ओलांडून मी आत आले तेव्हा
सासूबाई माझ्या पावलांकडेच बघत होत्या.
महिन्याभरात थोरल्या दिरांची नोकरी गेली.
पायगुण, एवढंच म्हणाल्या,
तेही माझ्याकडे न बघता,
तांदळातला खडा बोटानं बाजूला सारत.
पुढे एकवीस वर्षं
घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं, मेलं
की मी आधी माझी पावलं कुठे आहेत ते बघायची.

अमर महालपाशी पूर्ण वळण घेतलं आणि
खर्र.
टायर पत्र्याला घासला. मागे रिक्षावाला ओरडला.
घरी आल्यावर सरकता दरवाजा
अर्ध्यातच अडला, चाक दोन बोटं बाहेर आलेलं.
पहिल्या दिवशी एकोणीस फुटली.
इतकी कधीच फुटली नव्हती.
मोईनला फोनवर नाही नाही ते बोलले.

तो आला, हातोडीनं कडा ठोकून आत वळवली,
दरवाजाच्या पट्टीखाली दोन वायसर सरकवले.
जाता जाता म्हणाला, काट्यावर जाऊ नका,
चाळीस दाखवेल तेव्हा तुम्ही त्रेचाळीसवर असाल.
चालेल म्हटलं.
कोणीतरी मला आहे त्यापेक्षा हळू समजतंय,
हे काही नवीन नाही.

रविवारी सासूबाई काठी टेकत खाली उतरल्या.
दोन वर्षांत जिना उतरल्या नव्हत्या.
कुणाची म्हणे ही?
निळ्या गाडीची.
बरं, म्हणाल्या, आणि वाटीतलं हळदकुंकू
वाकून, थांबत, दम घेत
तीन चाकांना लावलं.
चौथं भिंतीला चिकटलेलं, हात पोचेना.
वाटी माझ्या हातात दिली :
उद्या तू लाव. तुझ्या हातानं लाव.

दुसऱ्या दिवशी साडेचारला निघाले, अंधारात.
वाटी ओट्यावरच राहिली.
घाटल्याला ट्रे उतरवताना मोजली,
मग पुन्हा मोजली, बल्बखाली धरून.

दोन.
आणि त्यातलं एक तर
मूळचंच तडकलेलं असावं.