ब्रशाची पाठ

आमच्या घरात ब्रश नव्हता.
बाप दिवसाला सहा भरायचा,
घोडपदेवला, मेनेझिस शेठच्या कारखान्यात,
आणि आई दुहेरी फणी घेऊन
माझं डोकं गुडघ्यांत धरायची.
‘ब्रशाने उवा निघत नाहीत,’ म्हणायची.
‘ते मडमांचं काम. केसांना नुसतं कुरवाळायचं.’
फणीचा एक दात माझ्या जटेत मोडला होता,
त्याचा हिशेब ती माझं लग्न होईपर्यंत मागत राहिली.

शिसवी फळीला तेरा रांगा,
मधल्या रांगेत सतरा भोकं.
प्रत्येक भोकात केसांची जुडी दुमडून
मागून पितळी तारेने ओढायची,
अशी की समोर लावणी उभी राहावी
आणि एकही आवा इकडेतिकडे कलू नये.
तारेने बापाच्या तर्जनीला खाच पडलेली.
लहानपणी मी त्या खाचेत नख ठेवून झोपायचे.
मागची सगळी शिवण शेवटी पातळ पाठीखाली बंद.
सरस. चाप. रात्रभर.
सकाळी कुणाला कळू नये, आत हात गेला होता.

केस डुकराचे. कानपूरहून पेट्या यायच्या.
बाप घरी आला की आई आधी मोरीत पिटाळायची,
आणि पगार मात्र
न धुता डब्यात टाकायची.
शर्फूचाचा पेट्यांपासून लांब, खिडकीशी,
घोड्याच्या शेपटीचे केस घेऊन.
कपड्यांचे, बुटांचे ब्रश त्याचे,
डोक्याचे बापाचे.
दोघेही श्रीवर्धनचे,
मधे चार हात जमीन, रोज दोनदा झाडलेली,
तिच्यावरून मोठ्याने गप्पा:
सुपारीचा भाव, बोट चुकलेली माणसं.

मग नायलॉन आला.
पांढरा, वास नसलेला,
कुणाच्याच अंगावर न उगवलेला.
त्या सोमवारी शर्फूचाचा आपला पाट उचलून
बापाच्या बाकड्याशी आला.
बाप सरकला. एवढंच.
दुपारी एका डब्यातली सुकट दोघांनी खाल्ली
आणि तिखट जास्त झालंय यावर भांडले.

आठ वर्षं.
पुढे नायलॉनला बोटंही नकोशी झाली.

कारखाना बंद व्हायच्या वर्षी
माझगावच्या खुर्शेदबाई एक ब्रश घेऊन आल्या,
सासूच्या सासूचा, हस्तिदंती पाठीचा.
‘केस बदलजो, डुकराचेच घालजो. पाठ तीच ठेवजो.’
बापाने आधी त्यातला गुंतवळ काढला,
वर पांढरा, मधे करडा,
तळाशी काळाभोर,
आणि पुडीत बांधून ठेवला, परत द्यायला.
टाकायला आपला थोडाच आहे, म्हणाला.
मग वाफेवर पाठ उकलली.
आतल्या अंगाला शिसपेन्सिलीने
१९११, आणि एक इंग्रजी नाव.
शेठने चष्मा लावला, तरी नीट लागेना.
बेट्स? बेट्सी?
बाई असेल, म्हणाला. बारीक बोटं लागतात याला.

बापाने त्याखाली आपलं लिहिलं: भागोजी.
जी-ची वेलांटी कडेला टेकली.
मग पेन्सिल पुढे केली.
शर्फूचाचाने तेवढी पाठच उचलली,
केस बाकड्यावर तसेच ठेवून,
खिडकीशी जुन्या जागी बसला
आणि उजवीकडून लिहीत आला
भागोजीपर्यंत.

सरस. चाप. रात्रभर.
खुर्शेदबाईंनी पैसे मोजले, पुडी पर्समध्ये टाकली,
ब्रश गालावर फिरवून बघितला.

माझा ब्रश गुलाबी आहे.
मस्जिद बंदरच्या फुटपाथवरचा, साठ रुपयांचा,
दातांच्या टोकांना गोळ्या, त्यातल्या चार गेल्या.
रोज सकाळी गुंतवळ काढते, बोटाला गुंडाळते
आणि उगाच ब्रश उलटा करते.
पाठ पोकळ आहे.
आत साच्याचा नंबर. सात.