पन्नास लिटर

इथे जूनमध्ये गार पाणी हवं असेल
तर गरम पाण्याचा नळ सोडायचा.
गच्चीवरची टाकी दिवसभर उकळते,
बंद ठेवलेला गीझर तेवढा सावलीत.
रुवीत आले त्या पहिल्या आठवड्यात
खालच्या रेहाना दळवींनी शिकवलेलं हे उलटं गणित
अठरा वर्षांनी असं कामी येईल
वाटलं नव्हतं.

तिसऱ्या सायकलनंतर तळवे लाल झाले.
आधी म्हटलं, मिरच्या चिरल्या असतील.
मग आठवलं, मिरच्या चिरून महिना झाला.
मग तळपाय.
मग टाचेपासून पापुद्रा सुटत
कांद्यासारखी निघत गेले मी,
फक्त डोळ्यांत पाणी माझ्याच.

‘हँड-फूट’ म्हणाले डॉक्टर, इतकं सहज,
जणू बुटांचं माप घेताहेत.
घासू नका, पिळू नका, फार चालू नका,
गरम काही धरू नका.
चहाचा कप मी आता
मनगटांच्या मध्ये धरते,
खार शेंगदाणा धरते तशी.

दिगंबर कणीक मळतो. सैल होते.
पोळीचा होतो ओमानचा नकाशा,
मुसंदम तव्यावरच तुटून वेगळं पडतं.
ते आधी मी खाते.
रात्री तो क्रीम लावतो, दाबत नाही,
बोटांच्या बेचक्यांत श्वास धरून.
वर सुती मोजे, हातात, पायात.
बाहेर बेचाळीस अंश,
आणि मी झोपते
काश्मीरला निघाल्यासारखी.

बताका संपला होता.
काउंटरवर म्हणाले, बोट ठेवा काचेवर.
ठेवलं. नाही.
पुसून ठेवलं. नाही.
अंगठा. दुसरा अंगठा. दहाही.
अठरा वर्षं याच बोटांनी
दुसऱ्यांच्या पगाराची बेरीज केली,
एक बैसा चुकला नाही.
मशीन म्हणालं, ही कोणी नव्हे.
मागची रांग चुळबुळली.

काचेपलीकडच्या मुलीनं, बद्रिया असं पाटीवर,
माझा हात हळूच उलटा केला.
तिच्या तळव्यावर ईदची मेंदी,
विटत चाललेली, कडांना नारिंगी.
दोन तळवे नुसते शेजारी शेजारी.
‘हमारा मम्मा भी,’ ती म्हणाली,
आणि मम्मा आहे की होती
ते मी विचारलं नाही.
फॉर्मवर तिनं काहीतरी लिहिलं,
उजवीकडून निघालेली ओळ
माझ्या नावापाशी येऊन थांबली.
मला वाचता येत नाही.
शिक्का बसला.

घरी आल्यावर चपला तशाच,
पहिला गरमचा नळ सोडला.
हात खाली धरले.
दिगंबर दारातून म्हणाला, झोंबतंय का?
म्हटलं, बोलू नको आत्ता.

पन्नास लिटर सावली आहे रोजची.
ती संपली की टाकीतलं येऊ लागतं, ऊन ऊन.
ते यायच्या आधी
कोपरानं नळ बंद करायला
शिकले आहे.